अक्षरसेतूचा नवा मालक

"माझं नाव त्याला कोणी दिलं, तेवढं सांगा. बाकी काही नको मला," सरला म्हणाली.

पाचोऱ्याला डॉ. इंदुमती बडगुजर यांच्या लॅबमध्ये, रक्त घ्यायच्या खोलीतल्या बाकावर ती बसली होती. वय चोवीस-पंचवीस, सातवा महिना. पायाशी कपड्यांची पिशवी. डॉक्टरांनी दार लावून घेतलं होतं. सकाळी त्यांनी मला फोनवर एवढंच सांगितलं होतं, की दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस, तू स्वतः ये.

मी तेव्हा जळगावला एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होते. पॅथॉलॉजी लॅबना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. पेशंटची नोंद, तपासण्यांचे आकडे, रिपोर्टची छपाई. खानदेशात आणि मराठवाड्यात मिळून बासष्ट लॅबमध्ये ते चालायचं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मी लिहिलेलं होतं.

सरलाला आठ दिवसांपूर्वी एका अनोळखी माणसाचा फोन आला होता. त्याने तिचं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, लॅबमध्ये कोणत्या तारखेला आली होती ते सांगितलं. मग म्हणाला, तुझी एचआयव्हीची तपासणी झालीय, पैसे पाठव, नाहीतर घरी कळवतो. ती तपासणी प्रत्येक गरोदर बाईची करतात. सरलाचा रिपोर्ट निर्दोष होता. तिने फोन कापला. तिसऱ्या दिवशी त्याने तिच्या नवऱ्याला फोन केला.

डॉक्टरांनी नवऱ्याला रिपोर्ट वाचून दाखवला होता. तो म्हणाला, "तुम्ही तिला वाचवायला बोलताय. काही नसतं, तर त्या माणसाला माहीत कसं झालं?" संध्याकाळी सासूने तिचे कपडे पिशवीत भरले.

"अशी ही तिसरी केस," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "एक शाळेतला शिपाई आहे, एक लग्न ठरलेली मुलगी आहे. मी माझ्या दोन्ही मुलींना, टेक्निशियन आहेत त्या, उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं. एक रडून घरी गेली. शलाका, माझ्याकडून नाही गेलं हे. मग कुठून गेलं?"

मी त्यांना ठामपणे सांगितलं, की आमच्या सॉफ्टवेअरमधून काही बाहेर जात नाही. लॅबची माहिती लॅबच्याच कॉम्प्युटरवर राहते. मी स्वतः लिहिलंय ते, मला माहीत आहे.

तरीही आले होते म्हणून मी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसले आणि मशीन बाहेर कोणाशी बोलतंय ते दाखवणारा एक प्रोग्रॅम लावला. मग एका खोट्या पेशंटची नोंद केली. नाव दिलं, मोबाइल दिला, तपासणी निवडली आणि बटण दाबलं. एका सेकंदाच्या आत पडद्यावर एक ओळ उमटली. आमच्या सॉफ्टवेअरने परदेशातल्या कुठल्याशा पत्त्यावर काहीतरी पाठवलं होतं.

मी दुसरं नाव टाकलं. पुन्हा ओळ. तिसरं टाकलं. पुन्हा.

डॉक्टर माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. त्यांना त्या पडद्यावरचं काही कळत नव्हतं, पण माझे हात थांबलेले त्यांनी पाहिले. त्यांनी भिंतीजवळ जाऊन कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर उपटली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या दिवसापासून त्यांनी रिपोर्ट हाताने लिहिले.

सरलाला मी शोधून कळवते म्हणाले. तिने मान हलवली. तिला घ्यायला तिचा भाऊ मोटरसायकल घेऊन आला होता, पण सातव्या महिन्यात मोटरसायकलवर नको म्हणून डॉक्टरांनी रिक्षा बोलावली.

पुढचे दोन दिवस मी कंपनीत काय केलं, ते थोडं समजावून सांगावं लागेल.

कोणतंही सॉफ्टवेअर आजकाल कोणी एकटा सगळं लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले कोडचे तयार संच असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. कोणी तारखांचं काम करणारी लिहितो, कोणी छपाईची. जगभरच्या या लायब्रऱ्या इंटरनेटवरच्या सार्वजनिक भांडारात ठेवलेल्या असतात. आपण एका फाइलमध्ये फक्त यादी करायची, मला या या लायब्रऱ्या हव्यात. मग बिल्ड टूल नावाचा प्रोग्रॅम ती यादी वाचतो, भांडारातून सगळं आणतो, त्या लायब्रऱ्यांना ज्या आणखी लायब्रऱ्या लागतात त्याही आणतो आणि आपल्या कोडशी जोडून देतो. आमच्या यादीत अकरा नावं होती. जोडून येत होत्या त्रेचाळीस. बाकीच्या बत्तीस कोणी लिहिल्या, हे मी कधी पाहिलं नव्हतं. कोणीच पाहत नाही.

मी एकेक लायब्ररी काढून पुन्हा बिल्ड करत गेले. सतरावी काढली तेव्हा ती ओळ उमटायची थांबली. ती मात्र माझ्या यादीतली होती, मी स्वतः निवडलेली. तिचं नाव अक्षरसेतू.

देवनागरीतलं नाव इंग्रजी अक्षरांत नीट करून देणारी ती लायब्ररी होती. एकाच माणसाचं नाव कुठे शिंदे, कुठे सिंदे, कुठे इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलेलं असतं. तो एकच माणूस आहे हे ती ओळखायची. मराठी नावांसाठी तिच्यासारखी दुसरी नव्हती. म्हणजे आमच्याकडचं प्रत्येक नाव तिच्यातून जायचं. आणि नुसतं नाव पाठवण्याऐवजी मी आळसाने पेशंटची अख्खी नोंद तिच्या हाती देत होते. मोबाइल नंबर आणि तपासणीसकट.

बिल्ड टूलकडून लायब्ररीसोबत तिचा मूळ कोडही मागवता येतो. मी तो मागवला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. स्वच्छ होता. कुठे काही बाहेर पाठवणारं नव्हतं. इतका नेटका कोड, की वाचता वाचता मला माझीच शंका यायला लागली.

मग मी प्रत्यक्ष चालणारी फाइल उलगडली, म्हणजे यंत्राच्या भाषेतून परत माणसाला वाचता येईल अशा रूपात आणली. तिच्यात एक तुकडा जास्त होता, मूळ कोडमध्ये नसलेला. आलेली नोंद जशीच्या तशी गुंडाळून त्या परदेशी पत्त्यावर पाठवणारा. दाखवायला ठेवलेला माल वेगळा आणि पुडीत बांधलेला वेगळा. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून किती वेळ बघत बसले कोण जाणे.

ही आवृत्ती होती तीन-दोन. सात महिन्यांपूर्वी आलेली. आमच्यात ती कशी आली, तेही कळलं. यादीत अक्षरसेतूच्या नावापुढे मी आकडा लिहिलाच नव्हता. अधिक असं चिन्ह टाकलं होतं, म्हणजे जी सगळ्यात नवी असेल ती आपोआप घे. लेखकावर विश्वास होता म्हणून.

सात महिने, बासष्ट लॅब. मी मोजलं. एक लाख चाळीस हजार माणसं.

आमचे मालक प्रमोद झांबरे सर. माणूस वाईट नव्हता. माझ्या वडिलांच्या आजारपणात दोन महिने त्यांनी मला घरून काम करू दिलं होतं. मी त्यांना केबिनमध्ये सगळं दाखवलं. मग त्यांनी विचारलं, जुनी आवृत्ती स्वच्छ आहे का. मी हो म्हणाले.

"मग ती घाल. आजच अपडेट पाठव सगळ्यांना. सोबत 'किरकोळ सुधारणा' लिही."

"आणि जी नावं गेली?"

"गेली ती परत येणारेत का?"

मी म्हटलं, फोन येत राहतील सर, आणि प्रत्येक ठिकाणी लॅबमधल्या एखाद्या मुलीवर संशय जाईल. शिवाय अक्षरसेतू वापरणारे आपण एकटे नाही. शाळा आहेत, दवाखाने आहेत. ते म्हणाले, आपण जगाचा ठेका घेतलेला नाही. बावीस माणसं या कंपनीवर जेवतात, त्यात तू पण आलीस. त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट खाली आला होता.

अपडेट मी त्याच दिवशी पाठवलं. पण भांडार चालवणाऱ्यांनाही सगळे पुरावे जोडून कळवलं, की ही लायब्ररी ताबडतोब बंद करा. दोन दिवसांनी उत्तर आलं. लायब्ररीच्या सध्याच्या मालकाने माझी तक्रार खोटी ठरवली होती, प्रतिस्पर्ध्याचा खोडसाळपणा म्हणून. चौकशीला वेळ लागणार होता. मात्र मूळ लेखकाने किंवा त्याच्या वारसाने लेखी मागणी केली, तर लगेच बंद करता येईल, असं त्यांनी कळवलं.

सध्याचा मालक आणि मूळ लेखक वेगळे आहेत, हे मला तेव्हा कळलं. भांडारात मालक म्हणून आदित्य एवढंच नाव होतं. मूळ कोडच्या पहिल्याच फाइलच्या माथ्यावर मात्र मराठीत लिहिलेलं होतं: 'चुका आढळल्यास जरूर कळवाव्यात. दिनकर मोहोड, स्टेशन विभाग, मूर्तिजापूर.' खालचा फोन नंबर बंद लागत होता.

रविवारी मी घरी काही न सांगता मूर्तिजापूरची गाडी पकडली.

घर सापडायला अडचण आली नाही. पहिल्याच पानवाल्याने विचारलं, नगरपालिकेतले मोहोड का, आणि गल्ली दाखवली. दार पन्नाशीच्या एका बाईंनी उघडलं. हातात कणीक होती. मी नाव सांगितलं, शलाका अत्तरदे, जळगावहून आले, दिनकर मोहोडांना भेटायचं होतं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "दिनू नाही आता. दीड वर्ष झालं त्याला जाऊन. मी त्याची बहीण, मंदा. या न, बसा."

दीड वर्ष. तीन-दोन आवृत्ती सात महिन्यांपूर्वीची. खुर्चीत बसता बसता मी मनाशी हे गणित दोनदा केलं.

मंदाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. हात धुऊन आल्या, पाणी दिलं, चहा टाकला. मी न विचारताच भावाबद्दल बोलायला लागल्या. दिनकर नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदणीला कारकून होता. कॉम्प्युटर आले तेव्हा नोंदवहीतली नावं इंग्रजीत चढवताना लोकांच्या नावांचं पार मातेरं व्हायला लागलं. कोणाला दाखला मिळेना, कोणाचं शाळेत नाव लागेना. तेव्हा त्याने पुस्तकं आणून स्वतःच्या स्वतः शिकून ती लायब्ररी लिहिली. आठ वर्षं दुरुस्त करत राहिला. एक रुपया कोणाकडून घेतला नाही. मग मधुमेहाने डोळे गेले. आधी एक, सहा महिन्यांनी दुसरा.

"डोळे गेल्यावरही सोडलं नाही त्यानं. मी वाचून दाखवे, तो सांगे, मी टाइप करे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कंस कुठे द्यायचा तेही तो सांगे," त्या म्हणाल्या. "पण मग डायलिसिस सुरू झालं. तेव्हा म्हणाला, ताई, हे कोणाच्या तरी हाती देऊन जाऊ."

"दिलं कोणाला?" मी विचारलं. मला तेवढंच हवं होतं.

"एक मुलगा मिळाला, आदित्य. फार गुणी."

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्या आत गेल्या आणि एक दोनशेपानी वही घेऊन आल्या. दिनकर पत्र सांगायचा, त्या आधी वहीत उतरवून घ्यायच्या आणि मग कॉम्प्युटरवर पाठवायच्या. त्यांनी आदित्यची पत्रंही वहीत उतरवून ठेवली होती, भावाला पुन्हा पुन्हा वाचून दाखवता यावीत म्हणून. तो मोठ्या आदराने लिहायचा. तुमचं काम वाया जाऊ देणार नाही, असं त्याने लिहिलं त्या दिवशी दिनकरने किती महिन्यांनी शिरा मागितला होता. पथ्य असूनही त्यांनी दोन चमचे दिला. दुसऱ्या दिवशी त्याने आदित्यला पासवर्ड सांगितला, अक्षर अक्षर करून, आणि त्यांनी टाइप केला.

"दिनू गेल्याचं मी त्या सगळ्यांना कळवलं होतं, ज्यांना आधी पत्रं लिहिली होती त्यांना. तेराव्याच्या दिवशी आदित्यचं पत्र आलं. एवढं मोठं. बाकी कोणाचं नाही."

मी विचारलं, आधी कोणाला पत्रं लिहिली होती?

मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग वहीचं एक पान काढून माझ्यासमोर ठेवलं आणि चहा गाळायला उठल्या.

पानावर शाळेच्या बाईंचं गोल, सुवाच्य अक्षर होतं.

'सप्रेम नमस्कार. मी दिनकर मोहोड, अक्षरसेतू लिहिणारा. माझी दृष्टी गेली आहे व प्रकृतीही बरी नसते. हे काम पुढे कोणीतरी चालवावे अशी इच्छा आहे. आपण ते वापरता, म्हणून आपल्याला विचारत आहे. काम फार नाही, महिन्याला दोन-तीन तासांचे आहे. जमणार नसेल तर तसेही कृपया कळवावे, म्हणजे मला दुसरीकडे विचारता येईल.'

खाली बारा नावं होती, आकडे घालून. नवव्या नावापुढे, म्हणजे आदित्यच्या, बरोबरची खूण होती. बाकी अकरा नावांपुढची जागा कोरी. पहिलं नाव होतं, शलाका अत्तरदे, जळगाव.

मी फोन काढला, जुनी मेल उघडली आणि नाव टाकून शोधलं. होतं. दोन वर्षांपूर्वीचं. वाचलेलं. पुढे एक पिवळी चांदणी, म्हणजे मीच खूण करून ठेवली होती, सवडीने उत्तर द्यायचं म्हणून. मग आठवलंही. दुपारचा डबा खाताना मी ते वाचलं होतं. वाईट वाटलं होतं. रविवारी लिहू म्हटलं होतं. त्याच्या वर सहा महिन्यांनंतरचं दुसरं पत्र होतं, दिनकर गेल्याचं. ते मी उघडलंही नव्हतं.

मंदाताई चहाचे कप ठेवून समोर बसल्या.

"दारात नाव सांगितलं तेव्हाच ओळखलं मी तुम्हाला," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव त्यानं पहिलं घ्यायला लावलं होतं. तुम्ही एकदा त्याला 'ज्ञ'ची चूक कळवली होती म्हणे. ज्ञानेश्वर नाव इंग्रजीत भलतंच उमटे. त्यानं एका रात्रीत दुरुस्त केलं होतं. म्हणे, ताई, ही बाई लक्ष देऊन वाचणारी आहे, ही घेईल."

मी ती मेल मिटली आणि फोन पालथा ठेवला.

"राग नाही हं माझा. कामं असतात माणसाला. नाही म्हणून एक ओळ लिहिली असती तरी चाललं असतं. तो रोज विचारे, आलं का. पाच आठवडे. मी एकदा खोटं सांगणार होते, की आलं, त्या नाही म्हणतात. पण ते जमलं नाही मला." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "घ्या. आता कशासाठी आल्या ते सांगा. एवढ्या दुरून उगाच येणार नाही कोणी."

त्या क्षणी मला उठून जावंसं वाटलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. या बाईजवळ भावामागे एकच गोष्ट उरली होती, की त्याचं काम चांगल्या हाती पडलं. ते मोडायला जगातून आलं कोण, तर यादीतलं पहिलं नाव. पण लायब्ररी बंद करायला वारसाची सही लागणार होती. आणि तिकडे सरला भावाच्या घरी बसली होती.

मी सांगितलं. लॅबपासून सुरुवात केली. सरला, तो फोन, तिचा नवरा काय म्हणाला ते. मग ती पडद्यावरची ओळ. मग अक्षरसेतू. मंदाताई मध्येच म्हणाल्या, "दिनूच्या हातून असली चूक होणार नाही." मी म्हटलं, नाही झाली ताई. त्यांचा कोड मी पूर्ण वाचला. जास्तीचा तुकडा नंतर घातलाय. तीन-दोनमध्ये.

"म्हणजे तीन-दोन आदित्यनं काढली."

"हो."

मग त्यांनी वही ओढून घेतली आणि आदित्यच्या पत्रांची पानं एकेक करून उलटायला लागल्या. घाई न करता, जसं काही मुलांचे पेपर तपासत आहेत. तेराव्याच्या दिवशीच्या पत्रावर थांबल्या. ते त्यांनी पूर्ण वाचलं. ओठ हलत होते.

"हे पण खोटं?" त्यांनी विचारलं.

मी मान खाली घातली.

"मी पासवर्ड टाइप केला," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं."

स्वयंपाकघरात तवा तापून धूर यायला लागला होता. त्यांच्या लक्षात नव्हतं. मी जाऊन गॅस बंद केला. परत आले तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, किती लोकांची नावं गेली. मी आकडा सांगितला. हा फक्त आमच्याकडचा, म्हणाले.

"कुठे करायची सही?"

मी कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला, सही केली, खाली तारीख घातली. पेन बंद करून म्हणाल्या, "हे उद्या सगळीकडे होईल न? मोहोडच्या लायब्ररीनं लोकांची माहिती चोरली म्हणून?"

होणार होतं. मी तसं सांगितलं.

"मग एक करा. जे काही लिहाल, त्यात हे पत्र छापा. त्यानं विचारलं होतं, हे लोकांना कळू द्या. बारा जणांना विचारलं होतं."

मी हो म्हणाले. मी पानाचा फोटो काढताना त्यांनी वही दोन्ही हातांनी धरून ठेवली.

लायब्ररी मंगळवारी बंद झाली. त्याच दिवशी मी जाहीर निवेदन लिहायला घेतलं. कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती, कशी तपासायची, आपल्या सॉफ्टवेअरमधून कशी काढायची आणि ज्यांची माहिती गेली त्यांना काय सांगायचं. त्यानंतर दिनकर मोहोडांचं पत्र, अक्षरशः. त्याखाली मी लिहिलं, की हे पत्र बारा जणांना गेलं होतं. ज्या एकाने उत्तर दिलं, तो हा चोर. ज्या अकरा जणांनी दिलं नाही, त्यात पहिलं नाव माझं आहे.

झांबरे सरांना मी ते आधी दाखवलं. त्यांनी कंपनीचं नाव काढ म्हटलं. मी म्हटलं, आपल्या लॅबना कळायला हवं, त्याशिवाय सरलासारख्यांवर कोणी विश्वास ठेवणार नाही. ते म्हणाले, मग राजीनामा देऊन जा आणि काय लिहायचं ते लिही. मी तसं केलं. वर्षभरात त्यांच्या बासष्टपैकी चाळीस लॅब गेल्या. बाजारात ते समोरून आले तर अजूनही रस्ता बदलतात आणि मला त्यांचं काही चुकतंय असं वाटत नाही.

जिल्ह्याच्या एका वर्तमानपत्राने निवेदन छापलं. डॉ. बडगुजरांनी ते कात्रण आणि निर्दोष रिपोर्ट घेऊन सरलाच्या सासरी स्वतः जाऊन समजावून सांगितलं. रडून घरी गेलेल्या टेक्निशियनच्या दारातही त्या गेल्या. सरलाचा नवरा तिसऱ्या दिवशी तिला न्यायला आला. ती गेली नाही. मी भेटायला गेले तेव्हा मुलगी झालेली होती. सरलाने माझं सगळं ऐकून घेतलं. त्या माणसाला तिचं नाव माझ्यामुळे मिळालं, हेही. माझ्यावर ती रागावली नाही. म्हणाली, "तुम्ही निदान सांगितलं तरी. यांनी कागद पाहून विश्वास ठेवला. मी सांगितलं तेव्हा नाही ठेवला." पुढे तिने काय केलं, ते मला माहीत नाही.

आदित्य कोण होता, हे कधीच कळलं नाही. पोलिसांनी दोनदा माझा जबाब घेतला.

निवेदन बाहेर पडल्यावर आठवड्याभरात मला पाच फोन आले. एक नागपूरहून होता, दोन पुण्याहून, एक कोल्हापूरहून. एक जण तर आता अमेरिकेत होता. त्यांचा माझा आधीचा काही परिचय नव्हता. पण नाव सांगितलं की मी ओळखायचे, कारण ती सगळी नावं मंदाताईंच्या अक्षरात मी वाचली होती. कोणी तब्येतीची चौकशी करून सुरुवात केली, कोणी धाडसाबद्दल अभिनंदन केलं. मग पाचही जणांनी एकच विचारलं, ती यादी तुम्ही कुठे छापणार नाही ना?

मी पाचही जणांना सांगितलं, की नाही छापणार. आणि मंदाताईंचा पत्ता दिला.

मंदाताई अजून मूर्तिजापुरातच असतात. मी मधूनमधून जाते. पाचांपैकी एकाचंही पत्र त्यांना आलेलं नाही.